सकाळचा नळ

पाणीपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात बसून तो गळत्या शोधायचा. शहरातल्या घराघरांतल्या मीटरचे आकडे त्याच्यापुढे यायचे. कुठे पाइप फुटला, कुठे टाकी भरून वाहतेय, सगळं स्वारीला खुर्चीत बसल्या बसल्या कळायचं. साहेब खूश होते. त्याच्यामुळे पुष्कळ पाणी वाचत होतं.

आईकडे मीटर बसला तेव्हा त्याने ऐटीत सांगितलं होतं, "आता तू सकाळी नळ सोडलास की मला तिकडे कळणार!" त्यानंतर फोन कमी होत गेले. कामावर आल्या आल्या तो पडद्यावर आईच्या मीटरची रेघ बघायचा. सकाळी ती वर चढलेली दिसली, की आई उठली, सगळं ठीक. मग दिवसभर काळजी नाही. डबा एकटाच खायचा, घरी टीव्हीशी बोलायचा, आणि वर म्हणायचा, मला काय धाड भरलीय! हुशार माणूस, पण एवढ्या बाबतीत ठार अडाणी.

मग नियम आला. लोकांचं खासगी आयुष्य खासगीच राहावं म्हणून घरांचे आकडे झाकले. यापुढे फक्त अख्ख्या गल्लीची बेरीज दिसणार. त्या सकाळी त्याला आई कुठे दिसेचना. फोन लावला तर बंद. रजा टाकून तो धावला.

आईच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण किल्ली घेऊन बाहेर आली.

"काकू दवाखान्यात आहेत. पडल्या, मांडीचं हाड मोडलं. पंधरा दिवस झाले."

"पण रोज सकाळी पाणी..."

"ते मी सोडते. काकूंनीच बजावलंय. सकाळी चार बादल्या काढ, झाडांना घाल, नाहीतर पोरगा हातातलं काम टाकून येईल म्हणाल्या."

म्हणजे सकाळ सोडली, तर पंधरा दिवस ती रेघ आडवी पडून होती. शहरभरच्या गळत्या पकडणाऱ्याने ती पाहिलीच नव्हती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दवाखान्यात त्याला बघून आई दचकली.

"कुणी सांगितलं तुला? नळ सोडत नाही का ती?"

"सोडते. कुणी नाही सांगितलं."

"मग?"

"आलो असाच."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. "काही काम नसताना आलास?" तिने विचारलं, आणि तिचा चेहरा असा काही खुलला, की खरं सांगायचा त्याला धीरच झाला नाही.