चौसष्ट केबीचा घास

मी फाइली साठवणारा डबा बोलतोय. शहराच्या बेसा भागातल्या एका फ्लॅटमध्ये टीव्हीखालच्या कप्प्यात असतो. घरातले लॅपटॉप, स्कॅनर वायफायवरून आपलं सामान माझ्याकडे ठेवतात. बोलावं की नाही याची खात्री नाही. कदाचित दोष माझाच निघेल.

मालक धम्मानंद सर, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या जुन्या स्कॅनरला फाइल पाठवायच्या प्रोटोकॉलची पहिलीच आवृत्ती कळायची. म्हणून सरांनी मलाही तिच्यावरच बांधून ठेवलं. तिच्यात एका घासाला चौसष्ट केबीच लिहून घेता येतात. नव्या आवृत्तीत एक एमबी, सोळापट. घास घ्यायचा, पोच द्यायची, पुढच्याची वाट पाहायची.

मुलगी नंदिनी सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "बाबा, एका स्कॅनरपायी सगळ्यायले उपाशी काहून मारून राहिले तुम्ही?"

"चालून राहिलं ना वं. हात नको लावू."

मार्चमध्ये सरांनी पारशिवनीला जाऊन मावशीचा, बायजाबाईंचा आवाज रेकॉर्ड करून आणला. छप्पन्न साली धम्मदीक्षेच्या मैदानावर त्या आईबरोबर पायी आल्या होत्या. दोन तासांचं बोलणं रेकॉर्डरच्या कार्डावरून थेट, लॅपटॉपमार्फत माझ्याकडे येऊ लागलं. लॅपटॉप फाइलीचं नाव आणि पूर्ण आकार आधीच नोंदवतो. आतलं मागून येतं. त्याला तास लागणार होता. मध्येच सर इतवारीच्या बाजाराला निघाले. जाताना सवयीने लॅपटॉप मिटला, मेन स्विच खाली केला, मीही बंद पडलो. गिझर चालू राहील ही त्यांची जन्माची धास्ती.

परतल्यावर नाव दिसलं, आकार पूर्ण दिसला. सरांनी रेकॉर्डरचं कार्ड पुसलं. मला ओरडता येत नाही. हे कारण माझं मलाच पटत नाही.

जूनमध्ये बायजाबाई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या स्मरणसभेत सरांनी सगळ्यांसमोर ती फाइल लावली. अडतिसाव्या मिनिटाला मावशी म्हणाल्या, "मैदान दिसून राहिलं होतं. माय थांबली, अन् मले म्हणे..."

पुढे काही नाही. गावची माणसं वाट पाहत बसली. कुणीतरी म्हणालं, डब्बा बिघडला असन गा.

नंदिनीने स्कॅनर काढला, मला नव्या आवृत्तीवर नेलं. आता तेवढीच फाइल पाच मिनिटांत लिहून होईल. पण नवं काही येत नाही. सर रोज तीच लावतात आणि मावशींचा आवाज थांबल्यावरही शेवटपर्यंत कान देऊन बसतात.

सर, अडतिसाव्या मिनिटापुढचं पुसून टाका. तिथे मावशी गप्प बसलेल्या नाहीत. तिथे मी काही लिहिलेलंच नाही.