तिप्पट पॉइंटांची बिस्किटं

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे, पण मला कोणी पैसे मोजून आणलेलं नाही. आईने सुपरमार्केटच्या ॲपवर वर्षभर पॉइंट जमवले आणि त्यांच्या बदल्यात मी या घरी आले. बाबा मला उलटसुलट करून बघत म्हणाले, "फुकट ते पौष्टिक." मला ते जरा लागलंच. भट्टीतून लालबुंद होऊन निघालेली मी, काही ऐरीगैरी बरणी नव्हे.

आधी माझ्यात भाजलेले शेंगदाणे असायचे. मग या घरातल्या मुलीने, म्हणजे आमच्या चिमणीने, दीड वर्षाची असताना एक दाणा चघळला. तिचे ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. डॉक्टर म्हणाले, हिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, घरात दाणाच नको. त्याच दिवशी मला गरम पाण्याने तीनदा धुतलं आणि माझ्यात बिस्किटं आली. पुढची पाच वर्षं फार सुखाची गेली. शाळेतून आली की चिमणी दप्तर टाकून थेट माझ्याकडे यायची.

यंदा बाबांच्या कारखान्यात आठवड्याचे दोन दिवस काम बंद झालं आणि आईचा मोबाइल स्वयंपाकघरात मुक्कामाला आला. तीन दुकानांची तीन ॲप उघडून ती शंभर ग्रॅममागचा भाव कागदावर उतरवायची. तेल एकीकडून, साबण दुसरीकडून. मोठं पाकीट स्वस्तच असतं हा समज तिने कधीच सोडला होता.

"पॉइंट खाऊन पोट भरतं का गं?" बाबा चिडवायचे.

"तुमचा चहा महिनाभर पॉइंटांवरच चाललाय," आई म्हणायची. खरं सांगते, तिने घर सावरून धरलं होतं. मला तिचा अभिमान वाटायचा.

एका शनिवारी तिचा मोबाइल सकाळपासून टुणटुणत होता. दुकानाची स्वतःची बिस्किटं निम्म्या भावात, वर तिप्पट पॉइंट, फक्त दुपारी चारपर्यंत. आई हातातलं शिवणकाम टाकून धावली. परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. पाकीट नेहमीसारखंच पिवळं, बिस्किटही तसंच गोल. सामान आलं की डब्यात आणि पाकीट कचऱ्यात, ही आमच्या घरची रीत. तिने पाकीट कापलं, माझ्यात रिकामं केलं आणि फेकून दिलं.

पहिलं बिस्किट तळाला टेकलं आणि मला तो वास आला. अगदी पुसट होता, पण मी तो ओळखला. माझा जीव टांगणीला लागला. आई शिवणयंत्रापाशी जाऊन बसली. तिला हाक मारायला मला तोंड आहे, पण आवाज नाही. मी झाकण घट्ट धरून ठेवलं, एवढंच माझ्या हातात होतं.

चिमणी खेळून आली. तिने झाकण फिरवून पाहिलं, मला पोटाशी धरून ओढलं. मग ती मला बाबांकडे घेऊन गेली.

"बाबा, हिचं झाकण रुसलंय."

बाबांनी फडक्याने धरून एका झटक्यात मला उघडलं. त्या वेळी मला फुटून जावंसं वाटलं.

अर्धं बिस्किट खाऊन चिमणी थांबली. "आई, जीभ खाजतेय."

शिवणयंत्र थांबलं. आईने कचऱ्याचा डबा जमिनीवर पालथा केला आणि सालांमधून ते पाकीट काढलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत शेंगदाण्याचं पीठ लिहिलं होतं.

"तीन ॲप बघितली मी," ती म्हणाली. "पाकीट एकदा उलटं करून नाही बघितलं."

डॉक्टरांनी अशा वेळेसाठी घरात ठेवायला दिलेलं इंजेक्शन बाबांनी चिमणीच्या मांडीत टोचलं, तिला उचललं आणि दोघं दवाखान्याकडे धावले. मी ओट्यावर उघडीच राहिले. शेजारी विसरलेला मोबाइल मध्येच वाजला. अभिनंदन, तुमचे तिप्पट पॉइंट जमा झाले आहेत. मी दाराकडे कान लावून होते. जिन्यावर पावलं वाजली की ती आमचीच वाटायची आणि वरच्या मजल्यावर निघून जायची.

दिवेलागणीला ते परतले. चिमणी बाबांच्या खांद्यावर झोपली होती. तोंड सुजलेलं होतं, पण श्वास सरळ चालला होता. आईने मला घासघासून धुतलं आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. महिनाभर माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मी रागावले नाही.

मित्रांनो, भाव जरूर बघा, पॉइंटही जमवा. आईसुद्धा अजून तेच करते, तिला करावंच लागतं. पण घड्याळाच्या धाकाने काही विकत घेऊ नका आणि पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय ते फेकू नका. आम्हा बरण्यांना बोलता येत नाही.

काल आईने मला खाली काढलं. नव्या पाकिटाची मागची बाजू कापून तिने चिमणीच्या हातात दिली आणि माझ्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली. चिमणीने अक्षर अक्षर लावत वाचलं, "गव्हाचं पीठ. साखर. लोणी. मीठ." मग वर बघून म्हणाली, "दाणे नाहीत."

"परत एकदा वाच," आई म्हणाली.

चिमणीने कुरकुर न करता पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.