वर्देलच्या तबकडीतला दुसरा आवाज

मित्रांनो, मी ग्रामोफोनवर लावायची एक जुनी तबकडी आहे, काळी आणि कडेला जराशी वाकलेली. माझ्या पाकिटावर खुर्चीत बसून गिटार वाजवणाऱ्या एका तरुण बाईचा फोटो आहे. तिचं नाव वर्देल प्रुइट. तिने स्वतः रचलेल्या गाण्यांची मी पहिली तबकडी, आणि शेवटचीही मीच. माझ्या जोडीला याच गाण्यांच्या पुष्कळ प्रती, म्हणजे माझी भावंडं, निघाली, पण वर्देलने आपल्या आईच्या हातात ठेवली ती मी. त्यामुळे मला थोडी ऐट आहे, तेवढी चालवून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला असं लोक समजतात. तिथे मला नुसतं अंग मिळालं. जीव आला तो अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, एका लाकडी घराच्या पुढच्या खोलीत. वर्देल लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची आणि इस्त्री करता करता गाणी रचायची. ती गाणी टिपायला मेम्फिस शहरातून एक माणूस गाडीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र घालून आला होता. आई ऑलिथा आत स्वयंपाकघरात चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. चर्चमध्ये तिला सगळे 'मदर प्रुइट' म्हणत. पांढरा झगा घालून पहिल्या बाकावर बसण्याचा तिचा मान होता. आणि वर्देल गायची ती ब्लूज, म्हणजे देवाची नव्हे तर संसारातल्या दुःखाची गाणी; ती सैतानाची, हे आमच्या चर्चचं ठाम मत. म्हणून तिने त्या दोघांना आधीच बजावलं होतं, "तुमचं काय ते तुम्ही वाजवा. मी इथे फक्त शेंगा सोलतेय."

शेवटचं गाणं वर्देलच्या बापावर होतं. तो कामाला म्हणून शिकागोला गेला तो परत आलाच नाही. पहिलं कडवं संपलं आणि स्वयंपाकघरातून हळू गुणगुण येऊ लागली. शेंगांचा आवाज थांबला होता. मेम्फिसवाल्याने यंत्र बंद करायला हात पुढे केला, पण वर्देलने मानेनेच नको म्हटलं. गुणगुण शेवटपर्यंत चालली. नवरा गेल्यापासून त्या बाईने त्याचं नाव काढलं नव्हतं, चारचौघांत डोळ्यांतून टिपूस गाळलं नव्हतं. मनात साठलेलं सगळं तिने त्या सुरात ओतलं. ते मी आजवर अंगावर वागवते आहे.

मी घरी आले तेव्हा ऑलिथाने आधी पडदे ओढले. स्वतःचा आवाज कानावर पडताच तिने एप्रनचं टोक तोंडाशी धरलं. मग तेच गाणं पुन्हा लावायला सांगितलं, आणि नंतर आणखी एकदा.

"पोरी, हे कुणाला सांगू नकोस हं," ती म्हणाली. "माझा पांढरा झगा काढून घेतील."

"नाही सांगणार, आई."

"आणि मी गेले की माझ्या दफनाला चर्चमध्ये तूच गायचं. आपल्या चर्चच्या त्या हार्डिमनच्या बायकोला उभी करू नकोस. ती वरच्या पट्टीत चढली की उतरायचं विसरते."

माझे ते सुखाचे दिवस होते. शहरातल्या मासिकांनी माझं तोंडभरून कौतुक केलं. ही गुणगुणणारी बाई कोण, असं विचारत लोक दारात येत. शेजारीण होती, गेली घर सोडून, असं वर्देल बेधडक सांगून टाकायची. ऑलिथा आतल्या खोलीत तोंड दाबून हसायची.

पण माझी बातमी चर्चमध्येही पोचली. वर्देलला गाणाऱ्यांच्या रांगेतून उठवून शेवटच्या बाकावर बसवलं. तिथली रीतच तशी होती. असली गाणी गाणाऱ्याने सर्वांसमोर उभं राहून माफी मागायची आणि ती गाणी सोडल्याचा शब्द द्यायचा. तोवर चर्चमध्ये गाण्याची बंदी. वर्देल निमूट मागे जाऊन बसली, पण माफी मागेना. तिला दुसरी तबकडी करायची होती. तिची नवी गाणी इस्त्रीच्या वेळी माझ्या कानांवर पडत. माझ्यापेक्षा ती चांगली होती, हे मी मोकळ्या मनाने सांगते.

पुढच्या उन्हाळ्यात ऑलिथा गेली. दफनाच्या सकाळी चर्चमध्ये पुढे तिची शवपेटी होती आणि बाजूच्या टेबलावर मी. डीकन हार्डिमनने मला मुद्दाम मागवून घेतलं होतं. चर्चचा कारभार त्याच्याकडे असे. तो माणूस दुष्ट नव्हता. ऑलिथाला तो थोरल्या बहिणीसारखं मानायचा, आणि त्या दिवशी रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

"वर्देल, या तबकडीपायी तुझ्या आईला किती लाज वाटली असेल, विचार केलास कधी?" त्याने विचारलं.

मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"यात आणखी एका बाईचा आवाज आहे म्हणतात. ती आपल्यातलीच असेल तर तिनंही इथं येऊन उभं राहायला हवं."

मित्रांनो, त्याचं उत्तर माझ्या अंगात होतं, पण सुईवाचून मी मुकी. वर्देलने एक वाक्य बोलायचा अवकाश, ती सुटली असती. मदर प्रुइटनेच साथ दिली म्हटल्यावर लेकीला कोण दोष देणार? पण पेटीतल्या बाईच्या अंगावर तोच पांढरा झगा होता. तो त्या भरल्या चर्चसमोर कवडीमोल झाला असता. आणि गप्प राहावं तर आईला निरोप द्यायला हार्डिमनची बायको उभी राहणार.

"दुसरं कुणी नाही, डीकन," वर्देल म्हणाली. "दोन्ही आवाज माझेच. माझं चुकलं. पुन्हा असलं गाणार नाही."

मग ती आईसाठी गायली. लोकांच्या हातांतले पुठ्ठ्याचे पंखे हलायचे थांबले. मला मात्र ऐकवेना.

दिलेला शब्द तिने पाळला. मेम्फिसवाला पुन्हा आला तेव्हा तिने त्याला मक्याची भाकरी आणि पालेभाजी पोटभर वाढली आणि तसाच परत पाठवला. गिटार भाच्याला देऊन टाकली. मी डांबराच्या गोळ्यांसोबत कपड्यांच्या पेटीत पडले. तिथल्याच उकाड्याने माझी कड वाकली.

बरीच वर्षं गेली. वर्देलचे केस पिकले. आता तिलाच लोक मदर प्रुइट म्हणू लागले. चर्चला नवा, तरुण पाद्री आला. त्याने माझी गाणी कुठेतरी ऐकली होती. चर्चच्या वर्धापनदिनाला त्याने मला पेटीतून काढायला लावलं आणि जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर लावलं. लोक चिकन खात मजेत माना डोलावत होते. पापबिप कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. शेवटचं गाणं लागलं तेव्हा पाद्र्याने सहज विचारलं, "मदर, मागे कोण गुणगुणतंय?"

वर्देलने माझ्याकडे पाहिलं. हार्डिमन केव्हाच गेला होता. त्या सकाळचं कुणीच उरलं नव्हतं.

"माझी आई," ती म्हणाली.

"एवढंच ना? मग आधी सांगायचं, मदर!" पाद्री हसला. पोरगा मनाने चांगला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याने तिच्यासमोर माईक धरला. यातलंच एक गाणं होऊन जाऊ दे म्हणाला.

वर्देलने तोंड उघडलं. शब्द तिला येत होते, ओठ बरोबर हलत होते, पण इतक्या वर्षांनी तो सूर लागेना. तिने पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग माईक हलकेच बाजूला सारला.

"केक कापा आता, बाळांनो," ती म्हणाली.

मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका, माझ्यावर बोटं उमटवू नका, एवढं तर मी मागतेच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. कुणाला गाणं थांबवायला सांगण्याआधी ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. परवानगी काय, पुढे कधीही देता येते. त्या दिवशी हॉलमध्ये ती सगळ्यांनीच दिली होती, गाणारीचा सूर तेवढा उरला नव्हता.