धुऱ्याचा रिपोर्ट
भिमाबाई एकदा बसली की बसली, हे अख्ख्या धाड गावाला ठाऊक. त्या सकाळी ती बसली लेकाच्या काळ्या पेटीवर.

झालं असं, आदल्या दिवशी तिचा लेक चंद्रशेखर आणि पुतण्या भाऊराव यांची शेताच्या धुऱ्यावरून चांगलीच जुंपली होती. हातभर मातीचा तो बांध, पण त्याच्यापायी दोन्ही घरांचं बोलणं बंद. सकाळी लेक फोनवर म्हणाला, "हो साहेब, आजच निघतो, रिपोर्ट करतो." झालं! आमच्याकडे रिपोर्ट होतो तो एकाच जागी, पोलीस ठाण्यात. घराण्याची अब्रू आता बाजारात जाणार! भिमाबाईनं पेटीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि वर फतकल मारली.

"माय, ऊठ ना व. माह्ये कागद हायत त्यात."

"ठाण्यात जाऊ देत नाही म्हंजे नाही! भाऊराव माह्या हातचं जेवून मोठा झाला."

"ठाण्यात कोण जाऊन राह्यलं?"

सून मंजुश्री डोळे पुसत चुलीपासून उठली. "आत्याबाई, ठाणं नाही. त्यायले पलटणीतून बोलावणं आलं."

चंद्रशेखर प्रादेशिक सेनेत होता. वर्षातले काही आठवडे फौजेची कवायत, बाकी सारी शेती. पण सरकारनं बोलावलं की ठरल्या दिवशी हजर व्हायचं, फौजेच्या भाषेत 'रिपोर्ट' करायचं, हा कायदा. आता सीमेवर तापलं होतं.

"उद्या हजर नाही झालो तं गैरहजर लागतो माय. मंग खराच रिपोर्ट होईन, माह्यावर."

आता तर भिमाबाईला बसायला खरं कारण मिळालं होतं! अशीच बसून राहिली तर लेक घरात राहील, डोळ्यांसमोर राहील. तिनं किल्ली मुठीत घट्ट धरली.

चंद्रशेखरनं तिला ओढलं नाही. तो खाली तिच्या पायापाशी बसला. "भरती झालो तवा तुले इचारलं होतं. हाव म्हणली होतीस तू."

म्हटलं होतंच. वर गावभर पेढे वाटले होते. पेढे वाटताना छाती फुगवायची आणि बोलावणं आल्यावर पेटीवर बसायचं? भिमाबाईला स्वतःचीच लाज वाटली. ती उठली. कुलूप तिनंच काढलं.

पण तोवर मलकापूरची एसटी निघून गेली होती, आणि पुढची धरली तर तिथली रेल्वे चुकणार. भिमाबाईनं पदर खोचला आणि सरळ भाऊरावच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"काऊन आली काकू?" भाऊराव गुरगुरला. "ठाण्याचा तुहा आरडा इथवर आला. चंदू माह्यावर रिपोर्ट देऊन राह्यला म्हंते ना?"

"तुह्यावर नाही बे! फौजेत हजर होऊन राह्यला, सीमेवर. माह्या येडेपणानं एसटी गेली. मलकापूरले सोडून दे त्याले."

भाऊरावनं पायात चपलाही न घालता मोटारसायकल काढली.

पेटी मधे घेऊन चंद्रशेखर मागं बसला. भाऊरावनं मान वळवली. "पेरणी मी पाहतो. धुऱ्याचं तू आल्यावर भांडू."

भिमाबाईनं लेकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऐकलं ना बापू? भांडण बाकी हाय. तुले परत या लागन."