जाम झालेला गुडघा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि आपापला उजवा पाय आठवा. आता असं समजा, की त्याच्यावर नुसती चादर टेकली तरी चटका बसतो. जखम नाही, सूज नाही, एक्स-रेत हाड ठणठणीत. तरी आग आग. एक दिवस नाही, दोन वर्षं. कसं वाटेल? आता डोळे उघडा, कारण या गोष्टीतल्या भुंगीचेही त्या दुपारी टक्क उघडे होते.

भुंगी नऊ वर्षांची. सतत गुणगुणायची म्हणून भुंगी. दुखरा पाय तिच्या पंधरा वर्षांच्या ताईचा. साथ आली, रस्ते बंद झाले आणि ताईला व्यायाम शिकवणारं केंद्रही बंद झालं. आई नर्स, ती तीन आठवडे हॉस्पिटलातच अडकलेली. बाबा फिटर, त्यांच्या कारखान्याला टाळं. दोन खोल्यांत तिघं आणि चोवीस तास ताईचं कण्हणं.

व्यायामाच्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं, "ती स्वतः वाकवेल तेवढाच पाय वाकवू द्या. पण रोज." बाबांनी 'रोज' तेवढं पक्कं धरलं. बाकीचं त्यांच्या हातांना पटेना. वीस वर्षं त्या हातांनी जाम झालेले नट सोडवले होते. आधी तेल, मग शेक, मग एकच हिसका.

त्या दुपारी त्यांनी ताईच्या गुडघ्याला तेल चोळलं. ताई उशी चावत राहिली. मग गरम पाण्याची पिशवी ठेवली. कारखान्याच्या गोष्टी भुंगीने हौसेने ऐकल्या होत्या, पुढची पायरी तिला पाठ होती.

"बाबा, आता हिसका?"

"तू गप. ताईचे हात धर."

"मी काय तुमची मोटर आहे?" ताई किंचाळली. "हात लावून तर बघा!"

"दोन वर्षं बघतोच आहे!"

बाबांनी एका हाताने मांडी दाबली, दुसऱ्याने घोटा धरला आणि टाच मागे रेटली. ताईचा आवाज इतका फाटला, की पलीकडच्या शेजाऱ्याने दणादणा भिंत बडवली. ताईने हाताला लागलेली स्टीलची बाटली बाबांच्या कपाळावर हाणली. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. बाबांचं डोकं फिरलं. त्यांनी ताईच्या अशी कानाखाली वाजवली, की ती पलंगाच्या कडेवर आदळली. ओठ फुटला. तरी त्यांनी पुन्हा घोटा पकडला.

भुंगी मध्ये घुसली. तिने त्यांच्या मनगटात दात रुतवले, तोंडात खारट चव येईपर्यंत. बाबांनी हात झटकला. ती कपाटावर जाऊन आपटली, आणि त्या आवाजाने बाबा भानावर आले. मटकन खाली बसले.

"वाटलं, एकदा सुटला की सुटला," ते पुटपुटले. "तिचं ओरडणं ऐकवत नाही गं मला."

"म्हणून तिला अजून ओरडायला लावलंत?"

बाबांनी बाहीने रक्त पुसलं. "आईपुढे ब्र काढायचा नाही. तिच्यामागे तिथे काय कमी व्याप आहेत? उद्या जरा हळू करून बघू."

उद्या! ताई पाय पोटाशी घेऊ पाहत होती, तो हलेना. भुंगीला बाबांची कीव आली, रागही आला. भीतीने तर पाचावर धारण बसली होती. पण आपण गप्प बसलो तर उद्या पुन्हा हेच, एवढं तिला कळलं.

तिने टेबलावरचा फोन उचलला.

"भुंगे, ठेव तो!" बाबा उठले.

ती न्हाणीघरात पळाली, कडी लावली आणि आईला व्हिडिओ कॉल केला. दारावर धक्के बसू लागले. पडद्यावर आईचा चेहरा आला, गालांवर मास्कचे वळ.

"काय गं? कसला आवाज तो?"

भुंगीने पाठ दाराला घट्ट टेकवली, दोन्ही पाय समोरच्या भिंतीला रोवले आणि सांगायला सुरुवात केली, "आई, आधी बाबांनी तेल लावलं..."