ओडेसची ओस्ती

अझेली तेरियोबाईंचं पाप दर शनिवारी ताजं असे. लुइझियानातल्या ऊसमळ्यांमधल्या त्या गावात इतकं काटेकोर पापनिवेदन दुसरं कोणी करत नसे. शुक्रवारी विसरून सॉसेज खाल्लं, शेजारणीच्या नव्या टोपीचा हेवा वाटला, नवऱ्याच्या घोरण्यावर चिडले, असं सगळं फादर ड्युमांच्या कानावर घालून त्या हलक्या होऊन घरी येत. मुलांना धर्मशिक्षण त्याच देत. ख्रिस्तप्रसादाच्या ओस्त्या, म्हणजे त्या पातळ पांढऱ्या चकत्या, मोजून वेदीसाठी काढून ठेवणंही त्यांच्याकडेच.

त्या शनिवारीही त्यांनी एकेक कुटुंब आठवलं आणि भांडं भरलं.

रविवारी आधी पुढच्या बाकांवरचे गोरे उठले, मग रिवाजाप्रमाणे मागचे काळे. सर्वांत शेवटी पांढऱ्या झग्यातली ओडेस. तिची आजी युलाली वीस वर्षं अझेलीबाईंच्या घरी स्वयंपाक करत होती. पोरीचा हा पहिलाच प्रसाद, म्हणून मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही तिनं घेतला नव्हता. मागे ओस्त्या कमी पडताहेत हे पाहून फादर नेहमीप्रमाणे तुकडे करत करत आले; पण या वेळी ओडेसपाशी पोचले तोवर भांडं रिकामं. पोर डोळे मिटून, जीभ बाहेर काढून बसलेली. शेवटी युलालीनंच हनुवटी हळूच वर ढकलून तिचं तोंड मिटलं.

अझेलीबाईंनी शनिवारची वाट पाहिली नाही; त्याच दुपारी त्या पापनिवेदनाला गेल्या.

"विसरलीस, अझेली," फादर जाळीपलीकडून म्हणाले. "जाणूनबुजून केलं नाहीस, मग पाप कसलं?"

"विसरले नाही, फादर. विसरायला आधी लक्षात असावं लागतं. मागच्या बाकांना मी मोजणीत धरलंच नव्हतं."

पलीकडून खोकला आला.

"जे कळून घेणं आपलं काम, ते न कळणं ही सबब नाही, असं मुलांना मीच शिकवते."

"गावचा रिवाज आहे. मी एकटा काय करणार?"

"तुमचं पापनिवेदन कोण ऐकतं, फादर?"

घरी त्या युलालीला म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मी मागे बसणार. तुझ्या शेजारी."

युलाली भेंडीचा रस्सा ढवळत राहिली. "मागं काय, आणखी एक माणूस मावेल. पण तुमचं मन हलकं करायला आमचा बाक कशाला अडवता, मिस अझेली? तुम्हाला काही सोडावं लागत नाही, अशीच पापं तुम्ही निवडता."

अझेलीबाईंना रात्रीचं जेवण गेलं नाही.

रविवारी त्या नेहमीच्याच जागी बसल्या, पुढे जाऊन गुडघे टेकले. फादरांनी ओस्ती ओठांशी आणली. बाईंनी तोंड उघडलं नाही.

"अझेली!" नवऱ्यानं कोपर मारलं. "गाव बघतंय!"

"बघू दे. आधी ओडेसला द्या."

फादरांनी ओस्ती मागे घेतली. मग ते पुढच्या माणसाकडे सरकले. ओडेसला मिळाली ती सगळ्यांच्या शेवटीच. फादर परत बाईंकडे वळले, तेव्हाही बाईंचे ओठ मिटलेलेच होते.

त्या दिवशी त्या हलक्या होऊन घरी आल्या नाहीत.

"किती दिवस प्रसाद घेणार नाही?" युलालीनं विचारलं.

"ओडेस पहिल्या बाकावर बसेपर्यंत."

युलालीनं कॉफीचे दोन कप भरले आणि त्या घरात पहिल्यांदाच समोरची खुर्ची ओढून बसली.

"मग उपाशी राहायची सवय करा, मिस अझेली. आम्ही केलीय."