ठमाबाईंचे हिरवे खडे

पिंपळगाव बसवंतच्या त्या द्राक्षं भरायच्या बंद पॅकहाउसमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पुंजामहाराज काचेची बरणी नाचवत ओरडत होते, "बघा, पित्ताचे खडे! ना सुरी, ना टाका! रात्री पावशेर मंतरलेलं तेल न् लिंबू, सकाळी खडे चाळणीत! हे आपल्या ठमाबाईंचे!" बरणीत वाटाण्याएवढे हिरवेगार खडे. बायकांनी हात जोडले. महाराजांनी कॅनमधल्या तेलावर आणखी एक फुंकर घातली.

ठमाबाईंचं नाव ऐकून मागे उभ्या छायाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंधरा दिवसांपूर्वी याच शेजारणीनं तिला विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही कॉलेजात केमिस्ट्री शिकवता. ऑपरेशनची तारीख मिळालीय, पण आधी हे तेल घेऊन बघू का?"

छाया पेपर तपासत होती. मान वर न करताच म्हणाली, "बघा की. तेलानं काय होतंय!"

झालं! ठमाबाई तेल प्यायल्या, हिरवे खडे पडले म्हणून त्यांनी ऑपरेशन रद्द केलं. काल त्यांचं पित्ताशय फुटलं, तातडीनं ऑपरेशन करावं लागलं आणि आता त्या नाशिकला अतिदक्षता विभागात होत्या. स्निग्ध पदार्थ दोन जातींचे, साबण होणारे आणि न होणारे, हे छाया दरवर्षी फळ्यावर लिहायची. तेल पहिल्या जातीचं, खड्यातलं कोलेस्टेरॉल दुसऱ्या. आणि नेमकं त्या दिवशी तिनं डोकंच चालवलं नव्हतं.

ती तडक पुढे गेली. सोबत आणलेल्या थर्मासमधलं गरम पाणी दोन पेल्यांत ओतलं.

"मॅडम, देवाच्या वस्तूला हात नाय लावायचा!" महाराज ओरडले.

तिनं बरणीत हात घातलाच. हिरवा खडा पाण्यात मऊ पडला, वितळला, वर तेलकट तवंग आला. मग तिनं पर्समधून डबी काढली. "हा ठमाबाईंच्या पोटातून डॉक्टरांनी काल काढलेला खडा." तो दुसऱ्या पेल्याच्या तळाशी टणटणीत पडून राहिला.

"तेल आतड्यात फुटतं, क्षारांशी मिळून त्याचा साबण होतो. पित्तानं तो हिरवा दिसतो. ज्याच्या पोटात एकही खडा नाही, त्यानं हे तेल प्यालं तरी असलेच गोळे पडतील!"

महाराज बरणी उचलून मागच्या दाराकडे सरकले.

"यांनी खोटं सांगितलं," छाया गर्दीकडे वळून म्हणाली, "पण ठमाबाईंनी मला विचारलं होतं. मी विचार न करता उत्तर दिलं. माझंही ऐकू नका नुसतं. कुणीही काही सांगितलं की म्हणा, करून दाखव."

गर्दीतून नवसाबाई पुढे आल्या. हातात दवाखान्याचा कागद. "मॅडम, माझंबी खड्याचं ऑपरेशन उद्या हाय. जाऊ का?"

छायानं कागद शेवटपर्यंत वाचला. मग त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "जा. मी येते बरोबर."